आधी मीठ धुवा, मग चिप लावा : कोकणातल्या दुरुस्तीवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत मोबाइल, टीव्ही आणि इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीची कामं करणारे सर्व कारागीर

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पत्रास कारण की, जुन्या गेम मशीनमध्ये बदल करून घ्यायला लोक आता मुंबईला जात नाहीत, तुमच्याकडे येतात. गणपतीला आलेला चाकरमानी माळ्यावरचा पीएस-टू (प्लेस्टेशन २) खाली काढतो, आखातातून परतलेल्या कुणाच्या घरी एक्सबॉक्स ३६० पडून असतो, आणि "चिप मारून द्या, डिस्कशिवाय चालेल असं करा" अशी मागणी होते. काम तुम्हाला जमण्यासारखं आहे. मोबाइलचा सीपीयू रिबॉल करणाऱ्या, म्हणजे चिपखालचे सोल्डरचे गोळे बदलणाऱ्या हाताला या मशीनचा बोर्ड अवघड नाही. उलट त्यावरचे पॅड (सोल्डर करायच्या तांब्याच्या जागा) मोबाइलच्या मानाने चांगले ऐसपैस असतात. मायक्रोस्कोप, हॉट एअर, डीसी सप्लाय, जंपर वायर, यूव्ही मास्क हे सगळं तुमच्या टेबलावर आहेच.

अडचण वेगळी आहे. काम झालेलं मशीन पावसाळ्यात पुन्हा बंद पडतं, आणि उघडून बघावं तर चिपचा दोष क्वचितच निघतो. बोर्ड धुतलेला नसतो, मूळ डेटा काढून ठेवलेला नसतो, जुने भाग फेकून दिलेले असतात आणि वरून हीट मारलेली असते. म्हणून आमची विनंती एकच, बाकी सगळं पत्र तिचाच तपशील: मशीनमध्ये जो बदल कराल तो इथल्या हवेत टिकला पाहिजे, आणि उद्या दुसऱ्या कारागिराला तो काढून मशीन मूळपदावर आणता आलं पाहिजे.

हवेपासूनच सुरुवात करतो. खाऱ्या वाऱ्याने बोर्ड खराब होतात हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक आहे, पण ते कधी आणि कसे हे नीट कळलं तर कामाची पद्धतच बदलते. कोरडं मीठ बोर्डावर बसून राहिलं तरी लगेच काही करत नाही, कारण कोरड्या मिठातून वीज वाहत नाही. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की तोच कण हवेतलं पाणी ओढून घेतो आणि विरघळतो. मृग लागल्यापासून भात कापणीला येईपर्यंत किनाऱ्यावरची हवा बहुतेक वेळ या आकड्याच्या वरच असते. त्या ओल्या ठिपक्याच्या एका टोकाला ३.३ व्होल्ट आणि दुसऱ्या टोकाला ग्राउंड आला, की एका पॅडवरचं तांबं सुटून दुसऱ्या पॅडकडे सरकू लागतं. भिंगाखाली बघितलं तर दोन पॅडच्या मध्ये फांद्या फुटल्यासारखी बारीक वाढ दिसते. तुम्ही जोडलेल्या तारांची टोकं नेमकी अशाच ठिकाणी असतात, शेजारी शेजारी आणि वेगवेगळ्या व्होल्टेजवर.

रोज चालणारं मशीन आतल्या उष्णतेने कोरडं राहतं. पूर्ण बंद करून, प्लग काढून ठेवलेलंही बऱ्यापैकी टिकतं. सगळ्यांत लवकर जातं ते बंद असलेलं पण प्लग लावून ठेवलेलं मशीन, कारण स्टँडबायचे ५ व्होल्ट बोर्डावर असतात आणि ऊब मात्र नसते. गिऱ्हाईकाला मशीन परत देताना एवढं एक वाक्य सांगितलंत तरी निम्मं काम होईल.

आता धुण्याबद्दल. दुकानात बोर्ड आला की आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) ओतायचा ही सवय मोबाइलच्या कामातून आलेली आहे. फ्लक्स, तेल, हाताचे डाग यासाठी ती बरोबर आहे. पण आयपीएमध्ये मीठ जवळजवळ विरघळतच नाही. ब्रशने घासलं की ते एका जागेवरून दुसऱ्या जागी जातं, पुष्कळदा चिपच्या पोटाखाली. मीठ काढायला पाणीच लागतं, आणि तेही डिस्टिल्ड. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायला मिळतं ते चालेल. नळाचं नको, किनाऱ्यालगतच्या बावीचं तर नकोच.

क्रम असा ठेवा. पंखा, हीटसिंक, डिस्क ड्राइव्ह, नाण्याचा सेल हे सगळं काढून घ्या आणि थर्मल पेस्ट पुसून टाका. बोर्ड उभा धरून डिस्टिल्ड पाण्याने मऊ ब्रशने धुवा, पाणी वरून खाली वाहू द्या; पहिलं पाणी टाकून दुसऱ्या स्वच्छ पाण्याने पुन्हा. पॉवर सॉकेट, एचडीएमआय, कंट्रोलरचे पोर्ट यांच्या आतल्या बाजूला मीठ जास्त असतं, कारण वारा तिथूनच शिरतो. मग ९९ टक्क्यांचा आयपीए सगळीकडून वाहवा, म्हणजे चिपखाली अडकलेलं पाणी तो सोबत घेऊन बाहेर पडेल. केमिस्टकडचं स्पिरिट यासाठी वापरू नका, त्यात पाणीही असतं आणि इतर मिसळणही. शेवटी ५०-६० अंशांवर वाळवणं: पत्र्याच्या किंवा जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात ६० वॉटचा पिवळा बल्ब, सोबत थर्मामीटर, आणि रात्रभर वेळ. बीजीए, म्हणजे पोटाखाली सोल्डरचे गोळे असलेल्या चिपखालचं पाणी तासाभरात जात नाही. हॉट एअरने घाईने वाळवलेला बोर्ड वरून कोरडा दिसतो, आत ओला असतो.

पुराच्या पाण्यातून आलेल्या मशीनला हेच सगळं, पण दुप्पट. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा किती टीव्ही आणि मशीनं गाळात गेली ते तुम्ही पाहिलंच आहे. गाळ वाळून घट्ट व्हायच्या आत धुणं महत्त्वाचं. "चालतंय का बघू" म्हणून प्लग लावायचा नाही. जाड पीएस-टूसारख्या मशीनमध्ये सप्लाय आतच असतो आणि त्यातल्या मोठ्या कॅपॅसिटरवर चालू स्थितीत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतात. तो होल्डरमध्ये लावलेल्या बल्बमधून डिस्चार्ज करून, मीटरने खात्री करूनच हात घाला. पहिल्यांदा चालू करताना १०० वॉटचा सिरीज लॅम्प, म्हणजे मेन्सच्या वाटेत जोडलेला बल्ब, लावा. टीव्ही दुरुस्तीत मुरलेल्यांना हे सांगायची गरज नाही, पण फक्त मोबाइल केलेल्या नव्या पोरांच्या टेबलावर सिरीज बोर्डच नसतो. आणि भिजलेलं मशीन तांदळात पुरून ठेवायचा सल्ला कृपया देऊ नका. तांदळाने मीठ निघत नाही, गाळ निघत नाही, आणि कणी मात्र पंख्यात जाते. तांदूळ पेजेला ठेवावेत.

सोल्डरिंगचं थोडक्यात. हार्डवेअरच्या दुकानात डबीत मिळणारी पेस्ट आम्लयुक्त असते. ती खाऱ्या हवेत जोड खाते. राळेचा फ्लक्स किंवा मोबाइलचा नो-क्लीन फ्लक्स वापरा, आणि नाव नो-क्लीन असलं तरी काम झाल्यावर धुवाच. बोर्डावरचं मूळ सोल्डर शिशाविना असतं, ते २१७ अंशांच्या आसपास वितळतं. ६३/३७ चं सोल्डर १८३ ला. तार जोडण्याआधी पॅडवर थोडं ६३/३७ मिसळून घेतलं की कमी उष्णतेत काम होतं आणि पॅड उचलला जात नाही. बिट ३३० ते ३५० अंश पुरे. ग्राउंडच्या पॅडवर सोल्डर वितळत नसेल तर तापमान वाढवू नका, रुंद बिट घ्या. ग्राउंडचं तांबं सगळ्या बोर्डभर पसरलेलं असतं आणि बारीक बिटाची उष्णता ते पिऊन टाकतं. सिग्नलसाठी ३० गेजची आवरणवाली तार घ्यावी. मोबाइलची इनॅमल जंपर दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत ठीक आहे, बोर्डाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेऊ नका. पत्र्याच्या कडेवर घासून इनॅमल गेलं की शॉर्ट. तारा पिवळ्या हीट टेपने दाबा, जोडांवर यूव्ही मास्कचा थेंब टाका. ग्लू गनचा गोंद हीटसिंकजवळ मऊ होतो आणि काढताना पॅडसकट येतो, म्हणून तो नको. सगळं तपासून झाल्यावर ॲक्रिलिक कोटिंगचा पातळ फवारा मारा. कनेक्टर आणि हीटसिंकखालची जागा टेपने झाकून. कोटिंग कधीही न धुतलेल्या बोर्डावर मारायचं नाही. मीठ खाली कोंडलं तर ते बाहेर असल्यापेक्षा वाईट.

हीट मारणं हा विषय वेगळा काढून लिहिणं भाग आहे. एक्सबॉक्स ३६० वर तीन लाल दिवे आले की ग्राफिक चिपवर गरम हवा मारायची, मशीन चालू झालं की पैसे घ्यायचे, हा धंदा देशभर चालला. मशीन चालू होतं हे खरं आहे. किती दिवस, हा प्रश्न आहे. बहुतेक वेळा तुटलेला जोड चिप आणि बोर्ड यांच्यामधल्या गोळ्यांत नसतो. चिपच्या आत, सिलिकॉनचा तुकडा ज्या हिरव्या पट्टीवर बसवलेला असतो त्या दोघांमधल्या बारीक जोडांत असतो. गरम केल्यावर ते तात्पुरते टेकतात आणि मशीन तापून-निवून पुन्हा सुटतात. म्हणूनच रिबॉल करूनही ती मशीनं परत येतात. मायक्रोसॉफ्टने या बिघाडासाठी जुलै २००७ मध्ये वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यापोटी शंभर कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाजूला काढली. गरम हवेने हा रोग बरा होणारा असता तर त्यांनीही तेच केलं असतं. अशा मशीनवर चिप बसवू नका. गिऱ्हाईकाला सांगा की बोर्ड गेला आहे. ड्राइव्ह, हार्डडिस्क, पंखा, सप्लाय काढून दुसऱ्याला कामाला येतात.

पण बोर्ड धडधाकट असलेला ३६० आला, तर त्यात आरजीएच (रिसेट ग्लिच हॅक, कंपनीबाहेरचा कोड चालवायला लावणारी युक्ती) करण्याला आमच्या मते सगळ्यांत सबळ कारण डिस्क ड्राइव्हचं आहे. या मशीनचा ड्राइव्ह त्याच्या बोर्डाशी एका किल्लीने बांधलेला असतो. दुसऱ्या मशीनचा ड्राइव्ह आणून लावला तर तो डिस्क फिरवतो पण गेम चालू होत नाही. किनाऱ्यावर ड्राइव्ह मरण्याचं प्रमाण जास्त, कारण ट्रेच्या फटीतून वारा सरळ आत. आधी साधे उपाय करा. लेन्सवर बुरशी असेल तर ती पुसा. ट्रे अडकत असेल तर रबरी पट्टा आयपीएने पुसा किंवा बदला. लेझरच गेला असेल तर फक्त लेझर बदला. यांत्रिक भाग गेला असेल तर त्याच मॉडेलचा दुसरा ड्राइव्ह आणून त्यात जुन्या ड्राइव्हची सर्किट पट्टी घाला, कारण किल्ली त्या पट्टीवर असते. पट्टीच मिठाने खाल्ली असेल, तेव्हा मात्र किल्ली दुसरीकडून मिळवावी लागते: मदरबोर्डवरच्या नँड या मेमरी चिपमध्ये ती कुलूपबंद असते आणि ते कुलूप उघडायला त्या मशीनची सीपीयू की, म्हणजे प्रोसेसरमधली खास किल्ली, लागते. ती दाखवणारा मार्ग म्हणजे आरजीएच.

ही युक्ती ऑगस्ट २०११ मध्ये उघड झाली. मशीन चालू होताना प्रोसेसर पुढचा कोड खरा आहे का हे तपासतो. त्या क्षणी त्याला मंद करून रिसेटच्या पायावर अगदी सूक्ष्म झटका दिला, तर तो रिसेट होत नाही, गोंधळतो, आणि तुलनेचं उत्तर "जुळलं" असं येतं. सुरुवातीला हा झटका द्यायला वेगळी, प्रोग्राम करता येणारी सीपीएलडी चिप लागे; आरजीएच ३ मध्ये मशीनचाच सिस्टिम मॅनेजमेंट कंट्रोलर ते काम करतो, त्यामुळे बाहेरची चिप लागत नाही, दोन तारा आणि एक-दोन सुटे भाग पुरतात. ज्याला आपल्याकडे सरसकट "जेटॅग केलेला" म्हणतात ती जुनी पद्धत २००९ च्या अपडेटने बंद झाली. आज येणाऱ्या मशीनवर ती चालत नाही.

बोर्ड ओळखायला उघडायचीही गरज नसते. मागच्या लेबलवर १२ व्होल्टचा करंट लिहिलेला असतो: १६.५ अँपिअर म्हणजे झेनॉन किंवा झेफिर, १४.२ म्हणजे फाल्कन, १२.१ म्हणजे जॅस्पर, स्लिममध्ये १०.८३ ट्रिनिटी, ९.६ कोरोना. झेनॉन आणि झेफिर सरळ परत पाठवा, लाल दिव्यांचे बहुतांश तेच. शेवटच्या काळात आलेल्या विंचेस्टर बोर्डवर हे होतच नाही, त्यामुळे उशिराच्या मशीनला पैसे ठरवण्याआधी उघडून खात्री करा. काही कोरोना बोर्डांवर पोस्टचा (मशीन चालू होताना कुठल्या टप्प्यावर आहे ते सांगणारा) सिग्नल बाहेर आणलेलाच नाही. तिथे सीपीयूच्या कडेला बसणारा वेगळा ॲडॉप्टर लागतो. रेझिस्टर किती ओहमचा हे बोर्डागणिक बदलतं, ते त्या बोर्डाच्या आराखड्यातूनच घ्या. एका बोर्डाचा पाठ केलेला आकडा दुसऱ्यावर लावला की मशीन एकदा चालू होईल, पाचदा होणार नाही.

आता जिथे घाई होते ती जागा. नँडवर काही लिहिण्याआधी त्यातलं मूळ वाचून घ्यायचं. नँड वाचायला रास्पबेरी पाय पिको हा काही शे रुपयांचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड पुरतो; ग्राउंड धरून सात तारा, प्रत्येक १५ सेंटिमीटरच्या आत. मशीनला पॉवर ब्रिक लावलेली असते पण मशीन चालू केलेलं नसतं. पिकोचे ३.३ व्होल्ट बोर्डाला जोडू नका, बोर्ड स्वतःच्या स्टँडबायवर असतो. एकदा वाचा, फाइल जपा, पुन्हा वाचा, दोन्ही फाइल तंतोतंत जुळतात का बघा. १६ एमबीच्या नँडची पूर्ण फाइल १,७३,०१,५०४ बाइटची येते. कमी आली तर काहीतरी राहिलं आहे. दोन्ही वाचनांत एकाच ब्लॉकवर चूक येत असेल तर तो खरोखरचा खराब ब्लॉक. दर वेळी वेगळ्या ब्लॉकवर येत असेल तर दोष तारेत किंवा ग्राउंडमध्ये आहे. ४ जीबीच्या कोरोनावर नँडऐवजी ईएमएमसी ही वेगळ्या प्रकारची मेमरी असते, ती एसडी कार्ड रीडरने वाचता येते. दोन फाइल जुळल्याशिवाय बोर्डवर एक बाइटही लिहायचा नाही. मूळ फाइल नसलेलं मशीन लिहिताना बिघडलं तर ते परत आणायचा मार्ग जवळजवळ बंद होतो, कारण त्यातल्या किल्ल्या जगात दुसरीकडे कुठेच नसतात.

लिहून झाल्यावर झेल नावाचा छोटा लोडर चालू होतो आणि पडद्यावर ३२ अक्षरी सीपीयू की येते. तिचा फोटो काढा, कागदावरही लिहा. मशीन चालू व्हायला काही सेकंद ते मिनिटभर लागणं हे आरजीएचमध्ये चालतं. दोन-तीन मिनिटं लागत असतील तर तार लांब आहे किंवा प्रोसेसरच्या सप्लायच्या कॉइलवरून गेली आहे. तिचा मार्ग बदला, मग फाइल बदलायला जा. बदल केलेलं मशीन अधिकृत ऑनलाइन सेवेला जोडलं तर बंदी येते, हे गिऱ्हाईकाला आधी सांगा. तसंही ३६० चं ऑनलाइन दुकान २९ जुलै २०२४ ला बंद झालं. ज्यांच्याकडे डिस्क आहेत त्यांना त्या चालवणारा ड्राइव्ह मिळवून देणं हेच आता या मशीनचं मोठं काम आहे.

वाचताना-लिहिताना एक गोष्ट घात करते, ती म्हणजे अर्थिंग. लॅपटॉपचा चार्जर आणि गेमचा ॲडॉप्टर दोन्ही दोन पिनांवर चालत असले की आतल्या फिल्टर कॅपॅसिटरमुळे त्यांच्या ग्राउंडवर मेन्सच्या जवळपास निम्मं व्होल्टेज तरंगत असतं. पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात ते हेच. माणसाला त्याने काही होत नाही. पण यूएसबी लावताना पहिला स्पर्श ग्राउंडऐवजी सिग्नलच्या पायाचा झाला तर पिको किंवा मशीनच्या बोर्डावरची साउथब्रिज चिप जाते. ग्राउंडची तार सगळ्यांत आधी जोडा, वाचताना लॅपटॉप बॅटरीवर ठेवा. आणि दुकानाचं अर्थिंग मोजून घ्या. आपल्याकडे जांभ्यात खड्डा मारलेला असतो, मे महिन्यात तो खडखडीत वाळतो आणि अर्थ नावापुरता उरतो. त्यात पाणी सोडायचं काम वायरमनवर टाकू नका.

पीएस-टूमध्ये आज चिप बसवायचं फारसं कारणच उरलेलं नाही. बहुतेक मॉडेलवर मेमरी कार्डातून चालणारा फ्री मॅकबूट हा प्रोग्राम पुरतो. ९०००० मालिकेतल्या २.३० बायोसच्या मशीनवर तो चालत नाही, तिथे दुसरे मेमरी कार्डवालेच मार्ग आहेत. म्हणजे मदरबोर्डला तार न लावता काम होतं, आणि कार्ड काढलं की मशीन मूळपदावर. जाड मॉडेलच्या मागच्या कप्प्यात नेटवर्क ॲडॉप्टरवर साटाची पट्टी घालून हार्डडिस्क बसते. स्लिमला दुसऱ्या मेमरी कार्डच्या खाचेत एसडी कार्डचा ॲडॉप्टर लागतो. तो सावकाश आहे, व्हिडिओचे तुकडे अडखळतात, हे आधीच सांगून टाका. लेझर वाचत नाही म्हणून त्याचा पॉट (करंट कमी-जास्त करणारा बारीक रोध) फिरवू नका. करंट वाढून काही दिवस डिस्क वाचल्या जातात आणि मग डायोड कायमचा जातो. फिरवावाच लागला तर आधीचा रोध मोजून आतल्या झाकणावर लिहून ठेवा. ७०००० मालिकेच्या स्लिमला बाहेरचा ८.५ व्होल्टचा ॲडॉप्टर लागतो, सीसीटीव्हीचा १२ व्होल्टचा नव्हे. आखातातून आलेलं मशीन इथल्या सप्लायवर चालतं. अमेरिकेतून आलेलं जाड मशीन १२० व्होल्टचं असतं, प्लग बदलून लावलंत तर सप्लाय उडाला.

ज्यांना या कामाची सुरुवात करायची आहे त्यांनी पहिल्या प्लेस्टेशनचं मेमरी कार्ड पिकोवर बनवून बघावं. मूळ कार्ड १२८ केबीचं, १५ ब्लॉकचं. डेटा, कमांड, सिलेक्ट, क्लॉक, ॲक्नॉलेज या पाच सिग्नलच्या तारा, शिवाय ग्राउंड आणि सप्लाय. पोर्टच्या तिसऱ्या पायावर साडेसात व्होल्ट असतात. तो पाय मोकळा सोडा, पिकोला लागला तर पिको गेलाच म्हणून समजा. मशीन उघडावंही लागत नाही, त्यामुळे बिघडवण्यासारखं काही नाही.

कायद्याचंही बोलायला हवं, कारण दुकान तुमचं आहे. प्रताधिकार कायदा १९५७ मध्ये २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूने संरक्षणाचं तांत्रिक कुलूप मोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड, असं ते म्हणतं. त्याच कलमात पुढे असंही आहे की कायद्याने स्पष्ट मनाई न केलेल्या कामासाठी केलेली कृती यात मोडत नाही. मात्र दुसऱ्यासाठी असं काम करून देणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळखीचा तपशील आणि कामाचा उद्देश यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे. ही अट फार थोड्यांना माहीत आहे. एक साधी वही पुरते: तारीख, नाव, पत्ता, मशीनचा क्रमांक, बोर्ड, "ड्राइव्ह बदलण्यासाठी किल्ली काढली" असा उद्देश, आणि गिऱ्हाईकाची सही. दोनशे गेम भरलेली हार्डडिस्क विकणं याला मात्र कुठलीच वही वाचवणार नाही. ते कलम ६३ मध्ये येतं, किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. काही दुकानांचा सगळा नफा याच डिस्कांवर आहे, हे आम्ही जाणून आहोत. तरी सांगतो, बदल करण्याची मजुरी घ्या, भरलेली डिस्क देऊ नका. शंका असेल तर तालुक्याच्या वकिलाला ही दोन कलमं दाखवा.

मशीन परत देताना पिशवीत काय असावं, तेवढं लिहून थांबतो. काढलेला प्रत्येक भाग, अगदी स्क्रूसुद्धा, झिपच्या पाकिटात सिलिका जेलसोबत. मूळ नँडच्या फाइल आणि सीपीयू की पेन ड्राइव्हवर. एक प्रत तुमच्याकडे, वहीतल्या अनुक्रमांकाने. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद: कोणती तार कुठून कुठे गेली, रेझिस्टर किती ओहमचा, कोटिंग कुठे मारलं, तारीख. शाई बॉलपेनची असू द्या, जेलची दमट हवेत पसरते.

कळावे, लोभ असावा.

आपले,
कन्सोल दुरुस्तीचं काम करणारे किनाऱ्यावरचे काही जण